रोजमेळ आणि प्रगतिपत्रक

कणकवलीच्या बाजारपेठेत वर्षातून तीन वेळा दुकानदाराला जेवायचीही सवड नसते. मुंबईचे चाकरमानी गणेश चतुर्थीला गावी येतात तेव्हा, दिवाळीत, आणि आंब्याच्या दिवसांत घरे पुन्हा माणसांनी भरतात तेव्हा. शाळेचे प्रगतिपत्रक घरी येते ते नेमके यांतल्या दोन हंगामांत. पहिल्या सत्राचे दिवाळीच्या आगेमागे, दुसऱ्या सत्राचे मेच्या आरंभी. मूल ते गल्ल्यावरच समोर धरते. एका हाताने सुटे पैसे मोजत पालकाच्या रकान्यात सही होते आणि पत्रक दप्तरात परत जाते. न वाचता कशावरही सही करायची नाही, हा ज्या घरांचा पिढीजात नियम, त्या घरांतही ही एक सही न वाचता होते.

प्रगतिपत्रक वर्षातून दोनदा मिळणे पुरेसे आहे का, हा प्रश्न म्हणूनच केवळ शिक्षकांचा नाही. आज हिशेब सांभाळणारी जी पिढी आहे, तिने चाचणी, सहामाही आणि वार्षिक परीक्षांचे गुण, लाल शाईच्या रेघांसह, प्रगतिपुस्तकात पाहिले आहेत. 1 एप्रिल 2010 रोजी शिक्षण हक्क कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. सत्रे दोन राहिली. परंतु मूल्यमापनाचे दोन भाग झाले. वर्षभराच्या कामावर आधारलेले आकारिक आणि सत्राअखेरचे संकलित. पहिली-दुसरीत आकारिक भागाचा वाटा 70 टक्के, तर सातवी-आठवीत 40 टक्के ठरला. गुणांच्या जागी श्रेणी आल्या.

या श्रेणींत एक खाच आहे. 61 ते 70 टक्क्यांपर्यंत ब-2. पहिल्या सत्रात 70 वर असलेले मूल दुसऱ्यात 61 वर घसरले, तरी पत्रकात दोन्ही वेळा ब-2 च दिसणार. नफ्यात एवढी घट झाली असती, तर व्यापाऱ्याने त्याच रात्री चोपड्या उघडल्या असत्या.

व्यापारी वहीपूजन दिवाळीला करतो. म्हणून शिल्लक काढायला तो दिवाळीपर्यंत थांबत नाही. रोजमेळ रोज लिहिला जातो, त्यावरून खतावणी होते आणि ताळेबंद वर्षाने. आपल्या धर्मपरंपरेनेही आत्मपरीक्षणाला एकच दिवस नेमलेला नाही. दिवसाचे, रात्रीचे, पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि सांवत्सरिक अशी प्रतिक्रमणाची पाच अंतरे आहेत. संवत्सरीचे महत्त्व रोजच्या प्रतिक्रमणाने उणे होत नाही.

शाळेतही असा रोजमेळ असतो, ही गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या नोंदी ठेवाव्यात, अशी ही योजना आहे. मुलाला वजाबाकीतला हातचा कळत नाही, किंवा घरची बोली गुजराती वा मारवाडी असल्याने ते मराठी वाचताना अडखळते, हे त्या वहीत सप्टेंबरच्या आधीच आलेले असू शकते. पालकाला ते कळते दिवाळीनंतर, आणि तेही एका अक्षरात. (वर्णनात्मक नोंदींचे तयार नमुने बाजारात मिळतात आणि निरनिराळ्या मुलांच्या पत्रकांत तीच वाक्ये आढळतात, हा भाग वेगळा.)

मग पत्रके चारदा, सहादा द्यावीत का? हा मार्ग देशाने एकदा चोखाळून पाहिला आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या शाळांत 2009 नंतर वर्षाला चार आकारिक आणि दोन संकलित मूल्यमापने आली. ओझे हलके करण्याचा हेतू होता. पुष्कळ घरांत मात्र वर्षाला सहा परीक्षा झाल्या आणि शिकवण्यांचे वेळापत्रक त्यानुसार बेतले गेले. 2017-18 पासून मंडळाने ती पद्धत मोडली. गुणपत्रिका वाढल्या की मुलाच्या मानेवरचे जोखड वाढते. माहिती वाढतेच असे नाही.

वाढवायची आहे ती भेट. शिक्षण हक्क कायद्याच्या 24 व्या कलमाने शिक्षकावर सोपवलेल्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हेही आहे. किती वेळा, याचा आकडा तेथे नाही. तो शाळेने आणि पालकांनी मिळून ठरवायचा आहे. जुलैअखेर आणि जानेवारीअखेर, गुण वा श्रेणी न देता, मुलाला काय येते व कोठे अडते एवढे सांगणारे चार ओळींचे टिपण मिळाले, तरी पुष्कळ साधेल. शिक्षकावर त्याचा भार पडेल, हे खरे. तालुक्यातल्या दोन शिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात आणि शासनाची माहितीपत्रके असतात ती निराळीच. तेथे लेखी टिपणाचा आग्रह धरू नये. वही उघडून समोरासमोर झालेले दहा मिनिटांचे बोलणे त्याहून उपयोगी.

उशिराची किंमतही आता वाढली आहे. 2019 मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा मिळते. तीतही यश न आल्यास त्याच वर्गात राहावे लागते. मे महिन्यात गल्ल्यावर जी अडचण प्रथम कळते, ती त्या दोन महिन्यांत भरून काढणे दहा वर्षांच्या मुलाला किती झेपणार?

जुलैच्या अखेरीस कणकवलीत पाऊस असा कोसळतो की दुपारी दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. शाळा मात्र भरलेली असते.