आरोपी नंबर नऊ

'गैरकायद्याची मंडळी जमवून...' फिर्यादीतलं हे ठरलेलं वाक्य. बांधावरून खून झालेला, अकरा जणांना जन्मठेप. अपिलाचं पेपर बुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा संच, आलं की आमच्याकडे आधी तक्ता आखला जातो: एका बाजूला आरोपी, दुसऱ्या बाजूला साक्षीदार.

आरोपी नंबर नऊची ओळ पाहा. फिर्यादीत फक्त नाव. मृताच्या भावाच्या पोलीस जबाबात तेही नाही. कोर्टात मात्र नऊच्या हाती काठी आली. खालच्या कोर्टातल्या वकिलाने उलटतपासात हे ओमिशन, म्हणजे जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात सांगणं, विचारलं आणि तपास अधिकाऱ्याकडून शाबीतही करून घेतलं. (ही दुसरी पायरी कितीतरी जण विसरतात, मग अपिलात हात चोळत बसायचं.) शेजारीण सांगते, आरडाओरडा ऐकून तो मागाहून धावत आला. शवविच्छेदनात सगळ्या जखमा धारदार शस्त्राच्या, काठीचा मुका मार एकही नाही.

नवशिके वकील इथे उत्साहाने म्हणतात, 'त्याने वारच केला नाही!' तेवढ्याने भागत नाही. जमाव पाच किंवा अधिकांचा आणि उद्देश समान असला, तर भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ खाली वार न करणाराही खुनाचा दोषी ठरतो. नुसत्या हजेरीवर शिक्षा नको, असं सर्वोच्च न्यायालय १९५६ साली बलादीन खटल्यात म्हणालं होतं. १९६४ च्या मसलती निकालाने ते विधान त्या खटल्यापुरतं मर्यादित केलं. पण बघ्याला जमावात ओढायचं नाही, हे त्यानंतरही कायम आहे. गर्दीच्या गुन्ह्यात दोन-तीन साक्षीदारांचं सुसंगत कथन हवं, ही कसोटीही मसलतीतलीच. आमचा तक्ता तीच लावतो, आणि नऊच्या ओळीत दोन साक्षीदारही जुळत नाहीत. पहिल्या चौघांच्या ओळी मात्र भरगच्च आहेत. तिथे उगाच जोर लावण्यात अर्थ नाही, असं माझं मत.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम १९० लागतं. हा खून त्याआधीचा, म्हणून १४९ च. अंतिम सुनावणीला वर्षं लागतात, त्यामुळे हाच तक्ता घेऊन आधी शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज केला आहे.

घरातल्या कुणाला अशी शिक्षा झाली असेल, तर निकालाची प्रत लगेच मागा. ती आरोपीला मोफत मिळते. जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची असते. वकील परवडत नसेल तर कैद्याला तुरुंगाच्या अधीक्षकामार्फतही अपील पाठवता येतं.