चंद्रपूर-गडचिरोलीचा शिरस्त्राणधारी सरडा

आपल्या जंगलात शिंगे असलेला सरडा आहे का, असा प्रश्न मुले अनेकदा विचारतात. असे सरडे जगात आहेत. अमेरिकेच्या वाळवंटात मुंग्या खाऊन राहणारा शिंगसरडा आढळतो. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ जंगलांत जॅक्सनचा शॅमेलिऑन राहतो. त्याच्या नराला तीन शिंगे असतात. याच शॅमेलिऑनचा एक बिनशिंगी भाऊबंद चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानझडी जंगलात आहे. त्याला घोयरा सरडा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव कॅमिलिओ झेलॅनिकस.

याच्या डोक्यावर मागच्या बाजूला टोकदार उंचवटा असतो. पुष्कळांना ते शिंग वाटते. वस्तुतः तो कवटीचाच वाढलेला भाग असून त्याला जबड्याचे स्नायू जोडलेले असतात. हल्ला करण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

घोयऱ्याचे सारे शरीर फांदीवरच्या जीवनासाठी घडलेले आहे. पायाची बोटे दोन आणि तीन अशा गटांत जुळलेली असल्याने पाऊल चिमट्यासारखी पकड घेते. शेपटी फांदीला वेटोळे घालते. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. कीटक टप्प्यात आला की शरीराहून लांब जीभ क्षणार्धात बाहेर पडते. जिभेला एवढा वेग असल्यावर पायांना वेगाची गरज काय?

पण हा संथपणाच त्याच्या जिवावर उठतो. अंडी घालण्यासाठी मादीला झाडावरून उतरून जमिनीत बीळ खणावे लागते. तिथे जाताना वाटेत रस्ता आला तर ती वाहनाखाली सापडते. उन्हाळ्यात मोहफुले वेचणे सोपे जावे किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पाचोळा पेटवतात. त्या वणव्यापुढे हरिण पळू शकते, घोयरा नाही.

तिसरा धोका भीतीचा. डिवचल्यावर तो अंग फुगवतो, काळवंडतो, तोंड उघडून फुत्कारतो. लोक त्याला विषारी समजून मारतात. त्याला मुळीच विष नसते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये त्याला मारणे वा पाळणे गुन्हा आहे.

शिक्षकांनी मुलांना एक गोष्ट अवश्य शिकवावी. घोयरा रस्त्यावर दिसला, तर त्याच्यापुढे काठी आडवी धरावी. तो काठीवर चढला की ज्या दिशेला निघाला होता, त्या बाजूच्या झुडपावर त्याला सोडावे.