माच्चा घडतो सावलीत

घरातला ग्रीन टी मिक्सरमधून फिरवला की झाला माच्चा, अशी अनेकांची समजूत आहे. करून पाहिलं तर हाती येते मातकट, भरड पूड. ती पेल्याच्या तळाशी बसते आणि पहिल्या घोटालाच तोंड कडू होतं. झाड तेच, चहाचंच. पण माच्चाची चव ठरते तोडणीच्या आधीच्या साधारण तीन आठवड्यांत, सावलीत.

क्योतोजवळच्या उजीत पूर्वी मळ्यांवर मांडव घालून त्यावर बोरूच्या ताट्या आणि भाताचा पेंढा पसरत; आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी असते. ऊन तुटलं की पानात हरितद्रव्य वाढतं, म्हणून तो गडद रंग. थिअनिन नावाचं द्रव्यही पानात टिकतं आणि चव दाट, गोडसर लागते. उन्हात तेच तुरट कॅटेचिनकडे वळलं असतं. तोडलेलं पान लगेच वाफवतात, न वळता सुकवतात, देठ-शिरा काढतात आणि उरलेलं दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम 40 ग्रॅम पूड पडते. घाई केली तर दगड तापतो आणि वास उडतो. माच्चा इतका महाग का, याचं उत्तर या जात्यापाशी आहे.

चहाची पूड घुसळून पिणं मुळात जपानचं, हेही खरं नाही. ही रीत सुंग काळातल्या चीनची. एइसाई हा बौद्ध भिक्षू 1191 मध्ये तिथून परतला आणि 1211 मध्ये त्याने चहावर ग्रंथ लिहिला. चीनमध्ये ती रीत पुढे मागे पडली. जपानने जपली, आणि सोळाव्या शतकात चहागुरू सेन नो रिक्यूने तिला साधेपणाचं वळण दिलं. रोजच्या पिण्यात मात्र जपानी घरांत पानांचा सेंचा असतो, नाहीतर भाजलेला होजिचा.

जितका फेस तितका चहा चांगला, हीसुद्धा अर्धीच माहिती. पातळ ‘उसुचा’साठी 2 ग्रॅम पूड चाळून घेतात, त्यावर 80 अंशांच्या आसपासचं सुमारे 70 मिलिलिटर पाणी ओततात आणि बारीक काड्यांची बांबूची चासेन मनगटाने मागे-पुढे हलवतात, रवीसारखी फिरवत नाहीत. चहाविधीच्या उरासेन्के घराण्यात दाट फेस काढतात, ओमोतेसेन्केत कमी. ‘कोइचा’त पूड दुप्पट, पाणी थोडं आणि फेस मुळीच नाही, तो मधासारखा दाट होईपर्यंत घोटतात. वाडग्यात साखर घालत नाहीत, वागाशी ही जपानी मिठाई आधीच खाऊन घेतात.

डब्यावरचं ‘सेरेमोनियल ग्रेड’ हा कुठलाही सरकारी दर्जा नाही, विकणाराच तो लावतो. माच्चात कॅफीन नसतं, हेही चूक: इथे तर अख्खं पानच पोटात जातं.

स्वयंपाकात मात्र सर्वांत महागडा माच्चा वापरणं मला नासाडी वाटते. तेम्पुराला लावायचं माच्चा-मीठ असो, की किसलेल्या बर्फावर माच्चाचा पाक आणि गोड अझुकी (लाल चवळीसारखे दाणे) घालून केलेलं ‘उजी किंतोकी’, तिथे जरा कडवट माच्चाच उठून दिसतो. साखरेत नाजूक चव बुडते. डबा उघडल्यावर घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि लवकर संपवावा. हवा-उजेड लागला की हिरवा रंग पिवळट पडतो, आणि मग वासही राहत नाही.