होन खरा की मुलाम्याचा?

निमगाव सावातल्या कुणाच्या जुन्या पेटीत एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ कोरलेलं नाणं निघालं, तर पेढे वाटण्याआधी वजनकाटा काढावा. १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडलेला शिवरायांचा सोन्याचा होन साधारण २.८ ग्रॅमचा असतो.

नुसतं वजन मात्र पितळेतही जुळवता येतं. म्हणून नाणं दोऱ्याला टांगून पाण्यात तोलायचं. उंची सोनं असेल तर वजन जेमतेम ०.१५ ग्रॅम घटतं. पितळ असेल तर ०.३३च्या आसपास. फरक इतका बारीक, की काटा मिलिग्रॅम दाखवणाराच हवा. किराणा दुकानातला इथे निकामी.

मग भिंग. ठशाखाली हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची अक्षरं ठसठशीत उठतात, चकती ठशाहून लहान असेल तर कडेचे ठिपके अर्धेच येतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रं दिसतात, कधी कडेला सांधाही. ठिपक्यांचं वर्तुळ अगदी पूर्ण आणि देखणं असेल, तर मला आधी शंका येते.

सराफाची कसोटी फक्त वरची कातडी सांगते, आणि क्ष-किरण यंत्रही जवळपास तेवढंच. जपानच्या एदो काळातल्या ‘कोबान’ नाण्यांत तर क्षार लावून, तापवून वरच्या थरातली चांदी मुद्दाम काढत. म्हणजे अस्सल नाणंही वरून जास्त पिवळं!

आणि कृपा करून चिंचेने घासू नका. नाणं जमिनीत सापडलं असेल, तर १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.