पडून राहिलेली मोटार

बुलढाणा शहरांतील आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्यांत, पूर्वीच्या गोठ्याच्या जागीं घातलेल्या पत्र्याच्या पडवींत, एक पद्मिनी मोटार अकरा वर्षें उभी होती. वडील गेले त्या वर्षीं ती तेथें ठेवली, ती ठेवलीच. गेल्या हिवाळ्यांत स्नेह्यांच्या मातोश्रींनीं इच्छा बोलून दाखविली कीं, एकदां त्याच गाडींतून शेगांवला दर्शनास जावें. इच्छा साधी, परंतु तिच्यापायीं काय काय करावें लागलें, आणि तें कोणत्या क्रमानें करावयास हवें होतें हें आम्हांस किती उशिरां उमजलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

पद्मिनी म्हणजे कोणती गाडी, हें आपल्यांतील वडीलधाऱ्यांस सांगणें नको. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत, फियाट ११०० या इटालियन मोटारीच्या घडणीवरून ती तयार होत असे. पद्मिनी हें नांव तिला मागाहून मिळालें. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचें उत्पादन थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतूनहि तिनें निरोप घेतला. घरोघरच्या पडव्यांतून मात्र ती अशी एखादी राहून गेली आहे.

पहिल्या प्रयत्नाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. घरांतील तरुण मंडळींनीं नवी बॅटरी बसविली, टाकींत पांच लिटर ताजें पेट्रोल ओतलें आणि किल्ली फिरविली. पांचसात वेळां कण्हून इंजिन खरोखरीच सुरू झालें. टाळ्या झाल्या, नारळ फुटला. चालविणाऱ्यानें गाडी पडवीबाहेर काढली, अंगणाच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवला, आणि तो पाय थेट तळाच्या पत्र्याला जाऊन टेकला! गाडी थांबली ती कडुनिंबाच्या बुंध्यावर. एक दिवा फुटला, नाकाडें चेपलें. सुदैवानें माणसास इजा झाली नाहीं.

हा उतार अंगणांतील दहा पावलांचा होता. बुलढाणें पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंचीवर वसलेलें आहे. मलकापुराकडे जावें तर राजूरचा घाट, खामगांवमार्गें शेगांवला जावें तर ज्ञानगंगा अभयारण्यांतून उतरणारा बोथ्याचा घाट. येथील मोटारीला चढण्यापेक्षां उतरतांना अधिक कस लागतो. असें असूनहि बंद गाडी सुरू करणें म्हणजे इंजिन सुरू करणें, अशीच आपणां सर्वांची समजूत असते. त्या दिवशीं आमचीहि होती.

दुसऱ्या दिवशीं एका जुन्या मिस्त्रीबोवांना बोलाविलें. त्यांनीं इंजिनाकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. चारी चाकें उतरविलीं. चाकांतील ब्रेकच्या छोट्या सिलिंडरांना आंतून गंज चढला होता, त्यांतील रबरी वाट्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या, आणि पाय दाबतांच ब्रेक ऑइल त्यांच्या कडेनें निसटत होतें. त्यांनीं सांगितलें तें मनांत ठेवण्यासारखें आहे. ब्रेक ऑइल हें वस्तुतः तेल नव्हेच; हवेंतील ओलावा शोषून घेणारें तें एक रसायन आहे. अकरा पावसाळ्यांत त्यानें किती पाणी प्यालें असेल याची कल्पनाच करावी. त्या पाण्यानेंच सिलिंडर गंजतात. शिवाय दुसरा धोका निराळाच. डॉट ३ जातीच्या ताज्या ऑइलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असावा असा दंडक आहे. शेंकडा पावणेचार इतकें पाणी मुरलें म्हणजे तोच १४० पर्यंत उतरूं शकतो. घाटांत सारखा ब्रेक दाबल्यानें चाकांचे ड्रम तापतात, ती आंच ऑइलास पोंचते आणि त्याची वाफ होऊं लागते. द्रव दबत नाहीं, वाफ मात्र दबते. त्यामुळें पायाचा सारा जोर वाफ दाबण्यांतच खर्ची पडतो आणि चाकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. सपाटीवर उत्तम चालणारा ब्रेक ऐन घाटांत दगा देतो तो असा. आम्ही रबरें, रबरी नळ्या, गंजलेले सिलिंडर सगळें बदललें, आणि जुनें ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत काढून नवें भरलें.

टायरांच्या बाबतींत आमची फसगतच झाली असती, कारण नक्षी नव्यासारखी दिसत होती. मिस्त्रीबोवांनीं टायराच्या बाजूवरील चार आंकडे दाखविले. ३७०९ असें लिहिलें असेल, तर तो टायर २००९ सालच्या सदतिसाव्या आठवड्यांत घडलेला. तो वापरलेला असो वा नसो, रबराचें वय वाढतच असतें. बोटानें वांकवून पाहिलें तों भेगाच भेगा!

मग पेट्रोल. जुन्या पेट्रोलांतील हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागें चिकट राळ उरते. तिच्यावर आम्ही ताजें पेट्रोल ओतलें होतें. त्यानें तळाचा गंज व राळ ढवळून कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत नेऊन बसविली. त्यांत २०२३ पासून शेंकडा वीस इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि मर्यादेबाहेर पाणी झालें कीं त्यासह वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. जुन्या गाड्यांचीं रबरें अशा मिश्रणासाठीं बनविलेलीं नव्हतीं. म्हणून टाकी उतरवून धुतली, पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घातला. हें काम उघड्यावर, चूल आणि विडी या दोहोंपासून दूर करावें.

इंजिनाच्या बाबतींत आम्हांस केवळ दैवानें तारलें. कोरड्या पडलेल्या सिलिंडरांत पिस्टन एकदम फिरविले कीं त्यांवर ओरखडे उठतात, आणि तो खर्च गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करतो. खरी रीत अशी: जुनें इंजिन ऑइल काढून नवें भरावें, चारी प्लग काढून प्रत्येक भोंकांत चमचाभर ऑइल सोडावें आणि रात्रभर तसेंच राहूं द्यावें. सकाळीं गाडी वरच्या गिअरमध्यें टाकून हातानें हळूच पुढेंमागें ढकलावी. पिस्टन हलले तर ठीक; न हलले तर जोर करूं नये, आणखी ऑइल सोडून वाट पहावी. मग प्लग बाहेरच ठेवून, ऑइलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडाथोडा फिरवावा. प्लग बसवावयाचे ते त्यानंतर. आमच्या हवेच्या गाळणीखालीं तर उंदरांनीं सीटांतील कापूस नेऊन मऊ घरटें केलें होतें. तें जळालें नाहीं हें नवलच.

कागदपत्रांचें काम कंटाळवाणें, पण टाळतां येत नाहीं. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें परिवहन कार्यालयांत गाडी तपासून घेऊन ती पांचपांच वर्षांनीं वाढवून मिळते. विमा व धुराचा दाखला हेहि हवेतच.

यांत दीड महिना गेला. मातोश्री रोज पडवीपाशीं येऊन खुर्ची टाकून बसत आणि "आज चाक बसलें का रे?" एवढेंच विचारीत. शेवटीं माघांतल्या एका सकाळीं निघालों. बोथ्याचा उतार दुसऱ्या गिअरमध्यें, इंजिनाच्याच रोधावर गाडी धरीत, ब्रेक क्वचित् वापरीत उतरलों. पायथ्याशीं थांबून मिस्त्रीबोवांनीं प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहिला. ड्रम कोमट होते. मागच्या सीटवरून मातोश्री म्हणाल्या, "अरे, थांबलांत कशाला?" पुढें खामगांव, आणि तेथून शेगांवपर्यंत रस्ता सपाटच होता.