उसाची ट्रॉली जोडताना

चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागांत ऊसतोड सुरू झाली की रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली उलटल्याच्या बातम्याही याच दिवसांत येतात. दोष रस्त्याला दिला जातो. पण पुष्कळदा मूळ कारण ट्रॉली जोडताना व भरतानाच घडलेले असते.

बैलगाडीचा अनुभव आपल्याला आहेच. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते व जू वर उचलते. फार पुढे आले की ते बैलांच्या मानेवर बसते. दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. भार मागे गेल्यास दांडा हुकाला वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते व ट्रॉली डोलू लागते. भार फार पुढे आल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात व स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. म्हणून भाराचा मध्य आसाच्या थोडाच पुढे ठेवावा आणि जरूर तर ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी वजने लावावीत.

हुक मागच्या आसापेक्षा खाली असावा. ओढ आसाच्या वरून बसली तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो. नांगराच्या वरच्या दांड्याला ट्रॉली कधीही जोडू नये.

निघण्यापूर्वी एवढे पाहावे :

१. पिन पुरेशी जाड व न झिजलेली असावी, खाली क्लिप असावी. पिनेच्या जागी सळई घालू नये. दांड्याच्या वेल्डिंगला तडा नाही ना, तेही पाहावे.

२. पिन तुटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून मजबूत साखळी बांधावी.

३. ट्रॉलीला कमान-पाटे असल्यास तुटलेला पाटा बदलावा, बोल्ट आवळावेत. एका बाजूचा पाटा बसला की भार तिकडे कलतो. दोन्ही बाजूंच्या टायरांत हवा सारखी असावी.

४. दोन्ही ब्रेक पॅडल पट्टीने जोडावेत. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो.

५. मागे लाल रिफ्लेक्टर व दिवा असावा.

बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर सगळा भार ट्रॅक्टरला मागून ढकलतो व ट्रॉली आडवी येते. म्हणून जो चढ ज्या गियरमध्ये चढावा लागेल, तोच गियर उतार लागण्यापूर्वी टाकावा. मध्येच क्लच दाबू नये, न्यूट्रल तर मुळीच करू नये. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. दोन ट्रॉल्या जोडल्या की हा धोका आणखी वाढतो.

आणि मडगार्डवर किंवा दांड्यावर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये. खड्ड्यातल्या एका हिसक्याने माणूस थेट चाकाखाली जातो. एक खेप कमी झाली तर ती उद्या भरून काढता येते. गेलेला माणूस परत येत नाही.