रोपांचे घर बदलताना

दसरा उलटला की माळव्यातल्या घरोघरच्या परसात वांगी, टोमॅटो, मिरची आणि कोबी यांच्या रोपांची लावणी सुरू होते. महिनाभर सावलीत जोपासलेली टवटवीत रोपे मोठ्या हौसेने आळ्यांत लावली जातात आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी माना टाकतात. मग दोष दिला जातो बियाण्याला, मातीला, क्वचित हातगुणालाही. पुष्कळदा दोष या तिन्हींचा नसून घाईचा असतो.

रोप पाणी शोषून घेते ते मुख्यतः मुळांच्या टोकांजवळ असणाऱ्या अतिसूक्ष्म मूलरोमांच्या द्वारे. रोप उपटताना हे नाजूक तंतू मोठ्या प्रमाणात तुटतात. पानांच्या रंध्रांतून मात्र पाण्याची वाफ बाहेर पडतच असते. मिळकत आटली आणि खर्च चालूच राहिला, तर संसाराची जी गत होते, तीच रोपाची होते. नवी मुळे फुटेपर्यंत जे तग धरते, तेच जगते.

हे बळ लावणीच्या दिवशी देता येत नाही. ते आठ-दहा दिवस आधीपासून द्यावे लागते. सावलीत वाढलेल्या रोपाची पाने कोवळी असतात व त्यांवरचे मेणासारखे आवरण पातळ असते. म्हणून पहिल्या दिवशी रोपांना सकाळचे कोवळे ऊन तास-दोन तासच दाखवावे आणि पुढे ते रोज थोडे थोडे वाढवीत न्यावे. पाणीही याच काळात बेताने द्यावे. मात्र रोपे सुकू देऊ नयेत. अशाने वाढ काहीशी मंदावते, पण खोड कणखर होते व पानांवरचे आवरण जाड होते. अखेरीस दिवसभराचे ऊन सोसूनही जी रोपे ताठ उभी राहतात, ती लावणीस योग्य समजावीत.

टोमॅटो व कोबी यांची रोपे सुमारे चार आठवड्यांत, वांग्याची चार ते पाच आठवड्यांत, तर मिरचीची पाच ते सहा आठवड्यांत तयार होतात. लावणी उन्हे उतरल्यावर करावी. तत्पूर्वी तास-दोन तास वाफा भिजवून ठेवावा आणि रोप ओढून न काढता खुरप्याने मातीच्या गड्ड्यासह उचलावे. वांगी व टोमॅटो यांच्या रोपांत 60 सेंटिमीटर, तर मिरची व कोबी यांच्या रोपांत 45 सेंटिमीटर अंतर पुरते. टोमॅटोचे रोप थोडे खोल लावले तरी चालते, कारण त्याच्या पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. इतर रोपे पूर्वी होती तितक्याच खोलीवर लावावीत.

लावल्यावर माती हलक्या हाताने दाबून झारीने पाणी घालावे आणि पहिले दोन-तीन दिवस पश्चिमेच्या बाजूस एखादी पानांची डहाळी खोचून दुपारचे ऊन अडवावे. रोप मलूल दिसले की तांब्यामागून तांब्या पाणी ओतण्याचा मोह होतो, तो आवरावा. माळव्याची काळी माती पाणी फार काळ धरून ठेवते, आणि चिखलात मुळांना हवा मिळत नाही. पाणी घालण्यापूर्वी बोटाने ओल पाहावी, हेच बरे.

काही दिवसांनी शेंड्याला नवे पान फुटलेले दिसले, की रोपाने नव्या मातीत पाय रोवला असे खुशाल समजावे.